"पोटॅशियमचा रिपोर्ट आला का?" : मेडिसिन वॉर्डाच्या इनचार्ज सिस्टरांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

फायनल एमबीबीएसच्या उजळणीत आम्हाला सगळ्यात जास्त कामी आलं ते तुमचं वॉर्डातलं नेहमीचं वाक्य: "डोस सगळ्यांना पाठ असतो, आधी काय द्यायचं ते सांगा." त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर लिहितोय, कारण आमच्या मागून येणाऱ्या बॅचलाही ते मिळायला हवं.

डायबेटिक कीटोॲसिडोसिसचा (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठलेला) पेशंट आला की प्रत्येकाचा हात आधी इन्सुलिनकडे जातो. तुम्ही मात्र फ्रिज उघडण्याआधी विचारायचात, "पोटॅशियमचा रिपोर्ट आला का?" रक्तात पोटॅशियम नॉर्मल किंवा थोडं जास्तच दिसतं, पण लघवीतून आणि उलट्यांतून शरीरातला साठा किलोमागे ३ ते ५ मिलिइक्विव्हॅलंटने (क्षार मोजायचं एकक) घटलेला असतो. इन्सुलिन सुरू झालं की रक्तात जे आहे तेही पेशींत शिरतं आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून हृदय आणि किडनी धड असेल तर पहिल्या तासात नुसतं नॉर्मल सलाईन, किलोमागे १५ ते २० मिलि, म्हणजे मोठ्या माणसाला लिटर-दीड लिटर. पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल (नव्या सूचनांत हा आकडा ३.५ आहे), तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम, तासाला १० ते २० मिलिइक्विव्हॅलंट, लघवी होतेय ना हे बघून. आपल्याकडच्या १० मिलिच्या अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं. ते सलाईनमध्ये घालून बाटली उलटसुलट करून नीट मिसळायचं, थेट शिरेत कधीही नाही. आमच्या मते मेडिसिनच्या अख्ख्या अभ्यासक्रमात एवढं एकच कारणासकट पाठ असलं तरी एक जीव वाचेल.

मग इन्सुलिन, तासाला किलोमागे ०.१ युनिट. इथे तुम्ही दाखवलेली गोष्ट आम्हाला कुठल्याच नोट्समध्ये सापडली नाही. आपल्याकडे मिलिमागे ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदीच्या व्हायल असतात. ५० मिलिच्या सिरिंजमध्ये ५० युनिट भरायचे तर ४० च्या व्हायलमधून सव्वा मिलि, १०० च्या व्हायलमधून अर्धा मिलि. लाल टोपणाची सिरिंज ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० ची व्हायल आणि लाल सिरिंज अशी गल्लत झाली, तर १० च्या खुणेला पेशंटच्या अंगात २५ युनिट जातात. उलटी गल्लत झाली तर फक्त ४. इन्सुलिन नळीच्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून पहिले २० मिलि नळीतून वाहू देऊन टाकायचे. साखर २५० वर आली की इन्सुलिन बंद करायचं नसतं, सोबत ५ टक्के डेक्स्ट्रोज जोडायचं असतं, कारण लढाई कीटोनशी आहे. पीएच, बायकार्बोनेट आणि ॲनायन गॅप ही रक्तातल्या आम्लाची मोजमापं सुधारल्यावरच ड्रिप बंद, तीही कातडीखालचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन देऊन तास-दोन तास झाल्यावर.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर क्रम फिरतो. ईसीजीवर टोकदार टी लहर किंवा रुंद क्यूआरएस लहर दिसली, की आधी १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि, मॉनिटरवर नजर ठेवून सावकाश. त्याने पोटॅशियम कणभरही उतरत नाही, ते फक्त हृदयाला अर्धा-पाऊण तास सांभाळतं. तेवढ्या वेळात १० युनिट साधं इन्सुलिन आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिलि. व्हायवात "कॅल्शियमने पोटॅशियम किती उतरतं?" हा हमखास फसवा प्रश्न. उत्तर शून्य.

सर्पदंशाचं तर तुमच्या ट्रेवरच सगळं लिहिलेलं असायचं. डावीकडे कोरी, कोरडी काचेची नळी. त्यात शिरेतलं ताजं रक्त २ मिलि, नळी २० मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त पातळ राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली असली किंवा प्लास्टिकची असली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि पेशंटला उगाच एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) जातं. गोठण्याची क्रिया सुरू व्हायला स्वच्छ काचेचा पृष्ठभाग लागतो, हे कारण तुम्ही सांगितलंत म्हणून ते लक्षात राहिलं.

नळीच्या शेजारी, रिॲक्शन आलीच तर द्यायचं ॲड्रेनलिन, ०.५ मिलि भरून तयार. एएसव्हीची पहिली व्हायल फोडायच्या आधी. टेस्ट डोस नाही, कारण रिॲक्शन येणार की नाही हे त्यावरून कळत नाही आणि वेळ मात्र जातो. मग १० व्हायल तासाभरात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप विष सोडताना वजन बघत नाही. रक्ताची तपासणी पुन्हा ६ तासांनी, कारण गोठवणारे घटक नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतोच. दोन तासांनी नळीतलं रक्त पातळ दिसलं म्हणून घाबरून आणखी व्हायल चढवणं ही नेहमीची चूक.

पापण्या पडत असतील तर आधी ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ, मग निओस्टिग्मिन १.५ मिग्रॅ. नागाच्या दंशात याने पापण्या उचलल्या जातात. मण्यारीचं विष चेतातंतूच्या टोकालाच नुकसान करतं, तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग नाही, श्वासाची नळी तयार ठेवावी लागते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो, अंगावर दाताची खूण नाही, आणि पापण्या जड. मण्यारीची ही कहाणी परीक्षेत येते आणि पावसाळ्यात कॅज्युअल्टीतही येते.

विंचवाबद्दल तुम्ही विंचूदंशावर संशोधन केलेल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांचं नाव आवर्जून घ्यायचात. लाल विंचवाच्या दंशात ॲड्रेनलिनचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन त्याचा परिणाम थोपवतं, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, पेशंटला आडवं ठेवून. नुसता बीटा ब्लॉकर दिला तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात. फिओक्रोमोसायटोमातही (ॲड्रेनलिन ओतणाऱ्या गाठीत) आधी अल्फा ब्लॉकर, मग बीटा, ते याच कारणाने.

ऑरगॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला ॲट्रोपिनच्या ०.६ मिग्रॅच्या ३ ते ५ अँप्युल एकदम, मग दर ५ मिनिटांनी दुप्पट. थांबायचं ते छाती साफ झाल्यावर, ठोके ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर आणि काखा कोरड्या झाल्यावर. डोळ्यांच्या बाहुल्यांवर विसंबायचं नाही. पोट फुगलं, ताप चढला, पेशंट बडबडायला लागला, तर जास्त झालंय. आणि पहिले चार दिवस रोज सकाळी "उशीवरून मान उचला" हे तुमचं सांगणं. मान उचलता येत नसेल तर श्वासाचे स्नायू पुढच्या रांगेत आहेत.

बाकीचे क्रम आता ओघाने येतात. फोलिक ॲसिडच्या आधी बी१२, नाहीतर हिमोग्लोबिन सुधारतं आणि मज्जारज्जू बिघडत जातो. मिक्सिडीमा कोमात (थायरॉईड फारच कमी पडून आलेल्या बेशुद्धीत) थायरॉक्सिनच्या आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड. मेनिंजायटिसमध्ये (मेंदूच्या आवरणाला सूज) डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी किंवा सोबत, आणि सीटी स्कॅनसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवायचं नाही. दारू पिणाऱ्याला ग्लुकोजच्या आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व). साखर ४० असेल तर मात्र थायमिन शोधत बसायचं नाही, दोन्ही एकदम. हा अपवादही तुमचाच.

तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात काचेच्या कोऱ्या नळ्यांचा खोका ठेवला आहे. वर तुमच्यासारखंच मोठ्या अक्षरात लिहिलंय: धुवायच्या नाहीत.

तुमचे,
मेडिसिन पोस्टिंगचे विद्यार्थी आणि इंटर्न