सूचना : रविवारी प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेल गाड्यांचे किट जोडायला बसणाऱ्या सभासदांसाठी

सभासदहो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता विश्रामबागला नेहमीच्या जागी जमायचे आहे. निवृत्तीनंतर पुन्हा या छंदाकडे वळलेल्यांनी १:२४ किंवा १:२५ मापाचे, कमी भागांचे किट आणावे. पहिल्याच गाडीत इंजिनाच्या वायरिंगला हात घालू नये. माळ्यावरून काढलेल्या जुन्या किटच्या डब्यातले डेकल (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायचे छापील चित्र) पाण्यात टाकताच त्याचे तुकडे होऊ शकतात. आधी नको असलेले एखादे भिजवून पाहा. स्प्रे रंग मात्र पाऊस उघडल्यावरच! दमट हवेत लॅकरवर (पटकन वाळणाऱ्या चकचकीत रंगावर) पांढरी झाक येते, आणि सांगलीचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहेच. सिमेंटचा, म्हणजे प्लॅस्टिक जोडायच्या गोंदाचा, वास चढतो, त्यामुळे खिडक्या उघड्या राहतील. चाळिशीचा चष्मा आपापला आणावा, उसना मिळणार नाही. नातवंडे चालतील, कटर त्यांच्या हाती नको.