‘तपासलेली’ गाडी चोरीची निघाली, त्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
जुन्या गाड्या विभाग

विषय: तुमच्या ॲपवरून ११ जानेवारी २०२६ ला घेतलेली स्प्लेंडर आणि ती विकणाऱ्याची माहिती मिळण्याबाबत

नमस्कार,

ॲपच्या चॅटमध्ये तीनदा लिहून झालं, तिन्ही वेळा "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच आलं, म्हणून आता नीट पत्र लिहितोय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा आणि माणसानेच वाचा, मशीनने नको. गैरसोय म्हणजे काय हो, चार दिवसांनी नळाला पाणी येतं ती गैरसोय, आम्हा सोलापूरकरांना तिची सवय आहे. इथे मी दोन वेळा पोलीस ठाण्यात जबाब देऊन आलोय, पैसे गेले, गाडी ठाण्याच्या आवारात धूळ खात उभी आहे, आणि विकणारा तुमच्याच ॲपवर कदाचित दुसरी गाडी विकत बसलाय. त्याबद्दल खाली सांगतो.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. मुलगा डिसेंबरमध्ये चिंचोळी एमआयडीसीत कामाला लागला, आठवड्याआड नाईट शिफ्ट, रात्री यायची सोय नाही, म्हणून जुनी गाडी बघत होतो. बायकोच्या भिशीचे पैसे आले होते. तुमच्या ॲपवर २०२१ ची काळी स्प्लेंडर दिसली, ३१ हजार. आमच्याकडे तशी गाडी पंचेचाळीसच्या खाली कोणी सोडत नाही हे मला माहीत होतं, नाही असं नाही. पण सप्टेंबरमध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्यापासून नव्या गाड्या उतरल्या, म्हणून जुन्यांचा भावही पडलाय असं सगळेच म्हणत होते, तेव्हा वाटलं असेल बाबा, गरजू असेल. आणि खरं सांगायचं तर किमतीपेक्षा मी भुललो त्या जाहिरातीवरच्या हिरव्या शिक्क्याला. ‘तपासलेली गाडी’. त्याच्याखाली तुमचा रिपोर्ट, ४९९ रुपयाला. मी ४९९ भरले. ५२ मुद्दे, ५२ हिरव्या टिका. हॉर्न बरोबर, टायर ७० टक्के, चेन ठीक, इंडिकेटर ठीक, आणि ३८ नंबरला ‘चेसिस नंबर’, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर, ‘जुळतो’, पुढे टिक. हा ३८ नंबर लक्षात ठेवा.

विकणारा आम्हाला सात रस्ता चौकात भेटला. घर जवळच आहे म्हणाला पण घरी पाहुणे आलेत, गड्ड्याची यात्रा चालू होती त्यामुळे ते खरंही वाटलं, सोलापुरात त्या दिवसात कोणाकडे पाहुणे नसतात. आता मागे वळून बघतो तर एकेक गोष्ट अशी दिसते की स्वतःचीच लाज वाटते. आरसी म्हणून मोबाईलमधला फोटो दाखवला, नाव वेगळं, "मेव्हण्याची गाडी आहे, तो पुण्याला असतो". टोकनचे ५ हजार ज्या यूपीआयला टाकले तिथे तिसरंच नाव आलं. बाकी रोख द्या म्हणाला. नंबर प्लेट साधी, रेडियमची. मी विचारलं एचएसआरपी, म्हणजे ती सरकारी सुरक्षा नंबर प्लेट, कुठाय, तर म्हणे पडली, नवीन ऑर्डर केलीय, पावती घरी. १ एप्रिल २०१९ नंतरच्या प्रत्येक गाडीला ती प्लेट शोरूममधनंच येते, तिच्यावर लेझरने नंबर कोरलेला असतो आणि ती ज्या लॉकने बसवतात ते तोडल्याशिवाय निघत नाही, ती अशी रस्त्यात गळून पडत नसते, पण हे मला नंतर कळलं. किल्ल्या दोन दिल्या, एक सुरू करायला आणि एक टाकीच्या झाकणाला. मी म्हटलं एका किल्लीने सगळं उघडतं ना स्प्लेंडरचं, तर म्हणाला लॉक खराब झालं होतं, बदललं. मुलगा मागे उभा राहून गाडी रेझ करत होता, त्याचा चेहरा बघून मी जास्त खोलात गेलो नाही. २८,५०० ला मिटलं.

तिथेच उभं राहून मी सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला होता बरं का, एवढा काही बावळट नाही. स्प्लेंडर, काळी, २०२१, सोलापूरची, एमएच १३, इन्शुरन्स चालू, बँकेचा बोजा नाही. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं असतं, चेसिसचे काही आकडे झाकलेले असतात, पण जेवढं दिसत होतं तेवढं आरसीच्या फोटोशी जुळलं. सगळं साफ. आणि सगळं साफ का होतं हे ऐका.

गाडी नावावर करायला एजंटकडे गेलो. फॉर्म २९ आणि ३० त्याने भरून घेतले आणि म्हणाला चेसिसची पेन्सिल छाप आणा. आमच्या अशोक चौकातल्या मेकॅनिककडे गेलो, तो पोरगा वीस वर्षं गाड्या खोलतोय. त्याने हँडल एका बाजूला वळवून लॉक केलं, हँडलखालच्या मानेवरचं, म्हणजे चेसिस नंबर असतो तिथलं, ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, तिथे काळा रंग जरा जास्तच ताजा होता, तो फडक्याला लागून आला. मग नंबरावर कागद धरून त्याने पेन्सिल आडवी करून घासायला सुरुवात केली. कागदावर एमबीएल, पुढची अक्षरं, आकडे उमटत गेले. शेवटच्या पाच आकड्यांवर आल्यावर त्याचा हात थांबला. तो काही बोलला नाही, परत घासलं, कागद उजेडात धरला. पहिली बारा अक्षरं एका रेषेत, एकसारखी बारीक. शेवटचे पाच आकडे खोल गेलेले, त्यातला एक ८ किंचित वर चढलेला, आणि त्या आठाच्या पोटात आधीच्या कुठल्यातरी आकड्याची, बहुतेक एकाची, उभी दांडी धुरकट दिसत होती. "बघ बे," आधी हाताखालच्या पोराला म्हणाला, मग माझ्याकडे वळून, "काका, कुठनं आणलाव ओ ही गाडी? हे कंपनीचं पंचिंग न्हाय, हे हातोडीचं हाय." इंजिनाखाली बघितलं तर तिथे तेवढाही त्रास घेतला नव्हता, सरळ ग्राइंडर फिरवलेला.

त्या दिवशी मी गाडी घरी नेलीच नाही. मुलगा म्हणाला राहू द्या पप्पा, कोणाला काय कळतंय, पण मला रात्री झोप लागेना, सकाळी आम्ही दोघं ढकलतच पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. चालवत नेली असती तर वाटेत कोणी पकडली असती आणि मग कोण ऐकणार आमचं. तिथल्या हवालदारांनी नंबर बघून मूळ मालकाला फोन लावला. मोहोळ तालुक्यातले शेतकरी आहेत. स्पीकरवर होता फोन. "माझी गाडी? दारात उभी हाय की साहेब, आत्ताच वैरण आणून टाकली."

म्हणजे कळलं का तुम्हाला? त्यांची गाडी खरी, त्यांचे कागद खरे, तोच रंग, तेच मॉडेल बघून त्यांचा नंबर दुसऱ्या कुठल्यातरी चोरलेल्या गाडीवर ठोकलाय. म्हणून सरकारच्या ‘वाहन’ नोंदणी रेकॉर्डला सगळं साफ दिसलं, कारण ते रेकॉर्ड मोहोळच्या गाडीचं होतं, माझ्यासमोर उभी होती तिचं नाही. पोलिसांच्या डिजिटल पोर्टलवर एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, चोरीच्या गाड्यांच्या यादीत बघायची सोय असते, तिथेही हा नंबर टाकून काही आलं नसतंच. फरक फक्त लोखंडावर दिसतो, आणि लोखंड बघायचे तुम्ही माझ्याकडून ४९९ घेतले होते.

आता तो ३८ नंबर. रिपोर्टमध्ये त्या टिकेपुढे फोटो उघडता येतो. मी उघडला. हँडलच्या मानेचा फोटो नाहीच, आरसीच्या फोटोचा फोटो आहे! म्हणजे तुमच्या माणसाने आरसीवरचा नंबर आरसीशी जुळवला आणि टिक केली. पावशेर पेट्रोल आणि फडकं घेऊन पाच मिनिटं काढली असती तर मला हे पत्र लिहायची वेळ आली नसती. हॉर्न वाजतो का हे मलाही कळत होतं हो.

गाडी जप्त झाली, पंचनामा झाला. हवालदार माणूस चांगले, चहा दिला, पण त्यांनी सरळ विचारलं की एवढ्या कमी भावात घेताना तुम्हाला शंका आली नाही का. चोरीचा माल माहीत असून किंवा तसं वाटायला कारण असून घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, जुन्या आयपीसीचं ४११, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. पंचावन्नाव्या वर्षी मी हे कलम पाठ केलंय. तुमचा तो हिरव्या शिक्क्याचा रिपोर्ट आणि ४९९ ची पावती दाखवली म्हणून माझ्यावर विश्वास बसला, म्हणजे एका अर्थी त्याचा उपयोग झालाच म्हणायचा. गाडी मात्र मला मिळणार नाही, जिची चोरीला गेली तिची किंवा त्याची ती, आणि ते बरोबरच आहे, कोणीतरी कुठेतरी माझ्या मुलासारखंच तिच्यावर कामाला जात असणार.

माझं भांडण पुढचं आहे. मी २० जानेवारीला तुमच्याकडे विकणाऱ्याचं नाव, पत्ता मागितला, तर "गोपनीयतेमुळे देता येत नाही, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत". दुसऱ्या दिवशी त्याचं अकाउंटच गायब, आणि त्याच्याबरोबर माझी आणि त्याची सगळी चॅट पण गायब! मी नशीब थोडे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. तक्रार आली की पुरावा पुसायचा ही कुठली पद्धत? ई-कॉमर्स नियम, २०२० मध्ये लिहिलंय की खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितली तर विकणाऱ्याची माहिती द्यावी लागते, तक्रारीची पोच ४८ तासात द्यावी लागते आणि एका महिन्यात निकाल लावावा लागतो. पोच मला अजून नाही. तुम्ही म्हणाल हा नियम धंदेवाल्यांसाठी, घरची जुनी गाडी विकणाऱ्या माणसाला लागू नाही. बरोबर. पण माझ्या स्क्रीनशॉटमध्ये त्या अकाउंटवर चार गाड्या आहेत, दोन स्प्लेंडर, एक शाईन, एक ॲक्टिव्हा. एका माणसाला किती मेव्हणे असतात? चार-चार गाड्या विकतो तो धंदाच. आणि जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकृत विक्रेता म्हणून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, गाडी ताब्यात आली की फॉर्म २९-सी ने कळवावं लागतं. ते प्रमाणपत्र त्याच्याकडे मागितलं होतं का तुम्ही, की मोबाईलवर ओटीपी आला म्हणजे झाला माणूस खरा?

तर मला काय पाहिजे ते लिहितो. सगळ्यात आधी तो डिलीट केलेला रेकॉर्ड, म्हणजे मोबाईल नंबर, ओळखपत्र घेतलं असेल तर ते, कुठून लॉगिन झालं ते, चॅट, चारही जाहिराती आणि त्यांचे फोटो, हे जपून ठेवा आणि पोलिसांची नोटीस तुमच्याकडे येईल तेव्हा चार महिने लावू नका, लगेच द्या. तुमच्या तपासणी करणाऱ्या माणसाने त्या दिवशी गाडी कुठे बघितली ते लेखी द्या, कारण ती जागा म्हणजे चोराची जागा, पोलिसांना तीच हवीय. माझे ४९९ परत करा हे तर आलंच, आणि २८,५०० चं काय करणार तेही सांगा, कारण तुमच्या टिकेवर विश्वास ठेवूनच मी ते दिले. नाही दिलेत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून झालाय, पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखापर्यंतच्या दाव्याला तिथे फी पण लागत नाही, कारखान्यातली हिशोबाची सवय आहे मला, कागद सगळे तारखेप्रमाणे लावून ठेवलेत.

आणि एक. काल रात्री झोप येत नव्हती म्हणून ॲप चाळत होतो, तर एक शाईन दिसली, नाव वेगळं, गाव लातूर टाकलंय, पण गाडी ज्या दारासमोर उभी आहे ते निळं दार, खालची कडी तुटलेली, बाजूला तुळशीचा डबा, हेच दार माझ्या स्प्लेंडरच्या फोटोत होतं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून सोबत जोडलेत, बघा. त्या जाहिरातीवर पण तुमचा हिरवा शिक्का आहे. मी रात्रीच रिपोर्ट केली, सकाळी उत्तर आलं की नियमांचं उल्लंघन आढळलं नाही. हे पत्र लिहिता लिहिता परत उघडून बघितली, रात्रीचे ११:४० झालेत, जाहिरात आहे तशीच आहे, फक्त किंमत ३४ ची ३० केलीय आणि खाली लिहिलंय ‘अर्जंट विकणे’.

तुमचा एक ग्राहक,
सोलापूर
२ फेब्रुवारी २०२६

सोबत: ४९९ ची पावती, तपासणी रिपोर्ट, स्क्रीनशॉट, पंचनाम्याची प्रत, पेन्सिल छापेचा फोटो, निळ्या दाराचे दोन फोटो