लायन गेटच्या आतलं

सिडनी, ऑक्टोबर

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर सांगायला घेतलं होतं, पण बाबांना निम्मं ऐकू जात नाही आणि उरलेलं आई ओरडून सांगते, त्यात मूळ गोष्टच बदलते. म्हणून लिहूनच पाठवते आहे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरांत छापून घ्या. बाबा, कानाचं यंत्र कपाटात ठेवलं की ऐकू येत नाही, एवढंच म्हणते.

गेल्या रविवारी आम्ही कॉकाटू आयलंडला गेलो. कॉकाटू म्हणजे काकाकुवा. इथले मूळ रहिवासी या बेटाला वारेआमा म्हणतात. सर्क्युलर कीवरून फेरी निघते आणि हार्बर ब्रिजच्या पोटाखालून पश्चिमेकडे जाते. अर्ध्या तासाच्या आत आपण बेटावर. तिकीट फक्त फेरीचं, बेटावर पाय ठेवायला काही पडत नाही. आई, डबा नेला होता, त्यामुळे खर्च खरोखरच तेवढाच झाला.

तिथे जहाजांची गोदी होती, एवढंच ठाऊक होतं. तुमच्या नातवाला बोटीत बसायचं होतं म्हणून गेलो. पण उतरल्यावर समोर त्या क्रेन दिसल्या आणि मला एकदम बाबांच्या मुंबईच्या नौदल गोदीचं लायन गेट आठवलं.

बेटाचा जन्म गोदी म्हणून नाही झाला. १८३९ मध्ये इथे कैदी आणले, तेही आधीच शिक्षा भोगत असताना पुन्हा गुन्हा केलेले. वरच्या पठारावर त्यांच्या बराकी अजून उभ्या आहेत. सगळं बांधकाम बेटाच्याच पिवळट दगडाचं, आणि तो दगडही त्यांनीच फोडलेला. त्यांच्याकडून गव्हर्नर गिप्स यांनी खडकात धान्याची कोठारं खोदून घेतली. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं. बाबा, ही तर आपली पेवं! आजीच्या अंगणातलं पेव तुम्ही दाखवलं होतंत, अगदी तसंच, फक्त मातीऐवजी खडकात. दुष्काळ पडला होता, म्हणून स्वस्ताईत धान्य साठवून ठेवायचा बेत होता. सुमारे वीस पेवं खोदून झाली आणि लंडनहून हुकूम आला, हे बंद करा, सरकारने बाजारात लुडबुड करू नये. माणसांनी दगडात उतरून केलेली मेहनत, आणि वर हे तत्त्वज्ञान.

इथे थंडरबोल्ट नावाच्या दरोडेखोराची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. १८६३ मध्ये तो आणि त्याचा एक साथीदार पोहून पळाले. त्याची बायको पोहत येऊन कानस देऊन गेली म्हणे. त्याला पुरावा काही नाही, पण नातवाने दिवसभर तेच लावून धरलं होतं.

मला मात्र दुसरीच गोष्ट लागली. १८६९ मध्ये कैदी हलवले आणि १८७१ मध्ये त्याच इमारतींत मुली आणून ठेवल्या. कोणी अनाथ, कोणी रस्त्यावर सापडलेली. तुरुंगाची बदनामी झाकावी म्हणून जागेचं नाव बदलून बिलोएला केलं. भिंती मात्र त्याच. आणि मुलगे? त्यांना बेटालगत नांगरलेल्या जहाजावर ठेवून हातात कसब दिलं. आई, बालवाडीतल्या तुझ्या पोरी आठवल्या मला. तू असतीस तर तिथल्या पाटीशीच भांडली असतीस.

आता गोदीकडे येते. बाबा, हा भाग तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, पण आईसाठी लिहिते. आई, सुकी गोदी म्हणजे खडकात खोदलेला लांबलचक हौद, दोन्ही बाजूंना पायऱ्या उतरत गेलेल्या. समुद्राच्या बाजूने तो उघडा असतो. पाणी आत घेतात, जहाज तरंगत आत येतं, मग तोंडाशी पोकळ लोखंडी दरवाजा आणून पाणी भरून बुडवतात, की तोंड बंद. त्यानंतर पंप लावून हौद उपसतात. पाणी जसं उतरतं तसं जहाज खाली मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसतं. ठोकळे बोटभर चुकीचे लागले तरी काय होईल ते बाबांना विचार. मग समुद्रात असताना कुणालाच न दिसणारं जहाजाचं पोट उघडं पडतं, शंख-शिंपल्यांसकट.

इथे अशा दोन गोद्या आहेत. फिट्झरॉय डॉक कैद्यांनी खोदली आणि १८५७ च्या डिसेंबरात तिच्यात पहिलं जहाज आलं. आपल्याकडे तेव्हा उठाव पेटलेला होता. आणि बाबा, कॉलर ताठ करा, मुंबईतली तुमची डंकन डॉक हिच्यापेक्षा पन्नासेक वर्षांनी मोठी. ती १८१० मध्येच पुरी झाली होती. मी हे तिथे एका गृहस्थांना ऐकवलंसुद्धा, त्यांनी विचारलं नसताना. दुसरी सदरलंड डॉक १८९० ची, तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. दोन्हींत आता पाणी आहे. पायऱ्या हिरव्या पाण्यात उतरत जातात आणि दिसेनाशा होतात.

मी त्या काठावर बराच वेळ बसले. लहानपणी तुम्ही घरी यायचात तेव्हा कानामागे लाल प्रायमरचा ठिपका हमखास असायचा. आई ओल्या पंचाने तो पुसायची. "आज काय केलंत?" विचारलं की उत्तर एकच, "काम." आतलं बाहेर बोलायचं नसतं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. एकदा नौदल सप्ताहात जहाज बघायला नेलंत. आम्ही डेकवर फिरलो, तोफेला हात लावला. दादा विचारत राहिला, बाबा यात तुम्ही काय केलंय? तुम्ही बोटाने खाली, पाण्याकडे दाखवलंत. आम्हाला वाटलं, तुम्ही टाळताय. आता कळतं, तुम्ही खरं उत्तर दिलं होतंत.

या बेटाला १९१३ मध्ये नौदलाची गोदी केलं. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडलं, फेब्रुवारी १९४२ मध्ये, आणि नैऋत्य पॅसिफिकमधलं दुरुस्तीचं मोठं काम इथे येऊन पडलं. बेटाच्या पोटातून आरपार एक बोगदा आहे, मालाची ने-आण करायला खणलेला. युद्धात हवाई हल्ल्याच्या वेळी कामगार तिथे आसरा घेणार होते. आत गारवा आहे आणि आवाज घुमतो. नातवाने घुमवलाच.

इथे बांधलेलं शेवटचं मोठं जहाज सक्सेस. १९८४ मध्ये पाण्यात उतरवलं, सुमारे १८,००० टनांचं. पुढे सरकारने गोदी बंद करायचं ठरवलं. १९८९ मध्ये कामगार बेटावरच ठाण मांडून बसले, कित्येक आठवडे. उपयोग झाला नाही. १९९२ पर्यंत सगळं आटोपलं. बरीचशी यंत्रं लिलावात गेली, कितीतरी शेड पाडल्या. काकांच्या गिरणीचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय, तिथे आता सरकते जिने आहेत. इथे निदान उरलेलं ठेवलं. २००७ पासून बेट लोकांसाठी खुलं आहे, आणि २०१० मध्ये कैद्यांच्या वसाहतींच्या ११ ठिकाणांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं.

आता पाण्याकाठी तंबू ठोकून लोक रात्रभर राहतात, पैसे मोजून. आई, तुझं वाक्य मला इथे ऐकू आलं, घर सोडून झोपायला कशाला जायचं. टर्बाइन शॉपच्या अजस्र शेडमध्ये चित्रकलेची प्रदर्शनं भरतात. जिथे भोंगा व्हायचा तिथे पोरं सायकली चालवतात. सध्या समुद्रपक्ष्यांचा विणीचा हंगाम आहे, त्यामुळे प्रत्येक पायरीवर घरटं आणि प्रत्येक घरट्यात एक भांडखोर आई. माझ्या डोक्यावरून दोनदा झडप घातली.

दिवसभर मला एकच गोष्ट खटकत होती. इथे कुणीही आत येतं, कुठेही हात लावतं, कारण इथे काम उरलेलं नाही. तुमच्या गेटवर आम्हाला अडवायचे, त्याचा लहानपणी राग यायचा. परवा नाही आला.

एक काम आहे. सोबत फोटो पाठवते आहे. एका शेडमध्ये हे लोखंडी धूड आहे, तीन जाडजूड आडवे रूळ, बाजूला माझ्या कमरेएवढं दातेरी चाक. जवळपास पाटी दिसली नाही. तुमचा नातू म्हणतो, हा राक्षसांचा उसाचा चरक आहे, डोंबिवली स्टेशनबाहेर असतो तसा. मी म्हटलं, आजोबांना विचारू. तेव्हा ते काय आहे, त्यात काय घालायचे आणि तुम्ही ते चालवलंय का, सविस्तर लिहा. या वेळी "काम" एवढं उत्तर चालणार नाही.

तुमची,
मनू