ओमनीबद्दल

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

हे फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, आणि तिन्ही वेळा बाबांनी "थांब, आईला देतो" म्हणून सुटका करून घेतली. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा, मग रागवा.

ओमनी विकायचं ठरलंय. म्हणजे मी आणि दादाने ठरवलंय, आणि तिची दुरुस्ती करणाऱ्या आपल्या मिस्त्रींना मी शब्दही देऊन बसलेय. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तुम्ही "दसरा झाला की बघू" म्हणाला असतात, आणि हा दसरा 2021 पासून काही उजाडलेला नाही.

आता हिशेब, तुमच्याच पद्धतीने. दिवाळीत मी ओमनीचं रीडिंग टिपून ठेवलं होतं, परवा परत बघितलं. नऊ महिन्यांत 212 किलोमीटर. त्यातले निम्मे मिस्त्रींकडे जायचे-यायचे. द्राक्षाचा मळा आपण बघत होतो तेव्हा आठवड्यातून दोनदा तासगाव ठरलेलं होतं. औषधं, क्रेट, कात्री लावणाऱ्या बायका, सगळं तिच्यातून. आता मळा खंडाने दिलाय आणि ती शेडमध्ये नुसती उभी. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी वायरी खाल्ल्या, त्याचे 3,800 रुपये झाले हे आईला अजून माहीत नाही. (आई, आता झालं. बोलू नकोस काही.) वर नोव्हेंबरात आरसीची, म्हणजे नोंदणीची, मुदत संपतेय. 2001 ची गाडी. 2016 ला पाच वर्षं वाढवली, 2021 ला आणखी पाच. आता वीस वर्षांच्या पुढे गेल्यामुळे नुसत्या नूतनीकरणाची फीच 10,000 झालीय, पर्यावरण कर वेगळा. 35,000 ला जाणाऱ्या गाडीसाठी.

हे सगळं खरं आहे, पण पैशासाठी मी हे पत्र लिहीत नाहीये, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

संक्रांतीला आले होते तेव्हा फाटकाच्या खांबावर ओमनीचा पांढरा रंग दिसला. आईने मला काही सांगितलं नाही. खरंच नाही सांगितलं, तिच्यावर डाफरू नका. मला स्वतःला दिसला. तेव्हा बोलले नाही, तुम्ही तिळगूळ देत होतात. बाबा, तुमचं काही चुकलं असं मी म्हणतच नाही. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या एलईडी दिव्यांनी माझ्याही डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि तुमच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून काढायचाय. पण ओमनीला पुढे बॉनेट नाही. इंजिन सीटखाली, समोर एक पत्रा, आणि पत्र्यामागे लगेच तुमचे गुडघे. एअरबॅग नाही, एबीएस नाही. हंगामात रात्री आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात, मागे एक लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, हे तुम्हीच मला गाडी शिकवताना बजावलं होतंत. खांब होता म्हणून रंगावर निभावलं.

आणि तुम्ही काय म्हणणार हेही मला पाठ आहे. 2019 चा पूर. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर, झेन दारातच बुडाली, आणि ओमनीने तीन खेपांत गल्लीतली माणसं, शेजारच्या काकूंचे दोन सिलिंडर आणि बास्केटमध्ये घातलेलं मांजर विश्रामबागला पोचवलं. त्यानंतर तुम्ही जेवताना म्हणाला होतात, "ही गाडी माझ्यानंतर विका." ते वाक्य मी विसरलेले नाही, आणि खरं सांगू, त्याच वाक्यामुळे मिस्त्रींना फोन करायला मला चार महिने लागले.

पण तेव्हा तुम्ही 69 वर्षांचे होतात. आता पुराचं असं करायचं: आयर्विनला 40 फूट झाले, इशारा पातळी आली, की बॅग भरायची आणि दिवसाउजेडी वॅगन-आर घेऊन पुण्याला निघायचं. 45 ची, धोका पातळीची, वाट बघायची नाही. "कोयनेचा विसर्ग कमी होतोय" हे ऐकून घेतलं जाणार नाही. पाटबंधाऱ्यातून तुम्ही 2008 ला रिटायर झालात, नदीकडे आता बाकीचे बघतील.

वॅगन-आर कुठेही जात नाही. किल्ली तुमच्याच खुंटीला. आईचे गुडघे बघता तीच बरी. सीट बरोबर उंचीला आहे, वाकायला नको की चढायला नको. लायसन्स फेब्रुवारीत संपतंय, ते जरूर वाढवून घ्या, फॉर्म 1-ए साठी, म्हणजे तब्येतीच्या दाखल्यासाठी, आपल्या डॉक्टरांकडे मी बरोबर येईन. माझं मागणं एवढंच की दिवेलागणीनंतर गाडी काढायची नाही. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या दादांशी बोललेय. मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, श्रावणी सोमवारी हरिपूरला, हरभट रोडला, कुठेही. फोन केला की पाच मिनिटांत दारात. पैसे महिन्याला मी त्यांच्या खात्यावर टाकणार, तिथे बाबांनी पाकीट काढून शोभा करायची नाही. आणि एसटी आहेच. बाबांना पंचाहत्तरीनंतर फुकट, आई तुला अर्धं तिकीट. म्हणजे मावशीकडे कोल्हापूरला जाताना बाबांचा खर्च शून्य, आणि तरी ते वाटेत भडंग घेऊन देत नाहीत अशी तक्रार तू करू शकतेस.

ज्योतिबाहून परत येताना मी मधल्या उलट्या सीटवर बसायचे, आजीकडे तोंड करून. पुढे तुमच्या दोघांच्या सीटा इंजिनने तापलेल्या असायच्या, आई पदर चारपदरी करून खाली घालायची. आष्टा गेलं की मी झोपायचे. झोपायचे म्हणजे डोळे मिटून घ्यायचे. घरापाशी दार सरकल्याचा तो खर्रर्र आवाज आला की श्वास लांब करायचा, म्हणजे बाबा उचलून आत नेतात. नऊ-दहा वर्षांची घोडी होते मी. तुम्हाला कळत असणार. कधीच बोलला नाहीत.

बरं, आता कागद. पाकिटात गाडी मिस्त्रींच्या नावावर करायचे फॉर्म आहेत: फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30. जिथे पेन्सिलीने फुली केलीय तिथेच सही, आरसीवर आहे तशीच. बँकेत करता ती नवी आखूड सही नको. मिस्त्रींचं नाव-पत्ता भरल्याशिवाय सही करायची नाही. विमा आणि पीयूसी हिरव्या फायलीत आहेत. मिस्त्री घरचेच आहेत, वीस वर्षं तिचा नट न् नट त्यांनी आवळलाय, म्हणून तर त्यांना देतोय. तरीही ट्रान्सफरचा अर्ज जाऊन पावती हातात येईपर्यंत किल्ली द्यायची नाही. 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. गाडी विकून टाकलीय म्हणून सुटका नाही. उद्या कुणाला धक्का लागला तर नोटीस तुमच्या नावाने येईल. फास्टॅग मी बंद करते, त्याला हात लावू नका. मागच्या वेळी तुम्ही तीनदा ओटीपी टाकून खातं लॉक केलं होतंत.

आलेले 35,000 डाव्या डोळ्यासाठी बाजूला. ते मळ्याच्या ठिबकला वळवू नका. ठिबक बघणं आता खंडकऱ्याचं काम.

मी शनिवारी पहाटेच्या गाडीने येतेय. मिस्त्री दहाला येतील. त्याआधी आपण तिघं हरिपूरपर्यंत जाऊन येऊ. ओमनीतून, आणि बाबा चालवतील. मी मागे बसेन. आई, सकाळी धिरडी कर, दुसरं काही नको. बाबा, शुक्रवारी गाडी धुवायला शिडीवर चढू नका, वरचं टप मी धुईन.

दादाचा फोन येईल, त्याच्याशी तरी नीट बोला. तो तिकडे बसून माझ्यापेक्षा जास्त घाबरतो.

तुमची,
मनी

ता. क. आजीला चढताना लागायचा म्हणून बाबांनी द्राक्षाच्या पेटीचा पाट केला होता ना, तो मागच्या सीटखाली आहे. तो गाडीबरोबर देऊ नका. मी घेऊन जाणार आहे.