रात्री साडेदहाला येणारा गृहपाठ

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझा नातू यंदा दहावीला आहे. त्याच्या क्लासचे सराव प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रात्री साडेदहाच्या सुमारास येतात आणि उत्तरांचे फोटो त्याच रात्री पाठवावे लागतात. गेल्या आठवड्यात साडेबारापर्यंत जागून त्याने रसायनशास्त्राची पाच समीकरणे पाठ केली. सकाळी मी विचारली तेव्हा त्याला दोनच आठवली आणि चहाचा कप हातात तसाच धरून तो रडवेला झाला. सारी नोकरी शिक्षकाची केलेल्या मला ते पाहवले नाही.

झोपलो तर अभ्यासाचा वेळ जातो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. वास्तविक दिवसा शिकलेले मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात तात्पुरते टिपले जाते आणि गाढ झोपेत त्याची जणू उजळणी होऊन ते पक्के होते. पाठ करून लगेच झोपणाऱ्याला जागे राहणाऱ्यापेक्षा जास्त आठवते, हे जेन्किन्स आणि डॅलेनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ सालीच प्रयोगाने दाखवले होते. मोबाइलच्या पडद्याचा प्रकाश झोपेची वेळ पुढे ढकलतो हे खरेच; पण ग्रुपवर आणखी काही आले का, ही धास्ती मुलांना त्याहून जास्त जागवते, असे मला वाटते.

हा प्रश्न मुलांपुरता नाही. ब्रिटनमधील सुमारे आठ हजार व्यक्तींच्या दीर्घकालीन पाहणीत (निष्कर्ष २०२१) पन्नाशी-साठीत सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले. कमी झोप हेच त्याचे कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही, तरी आपण सावध व्हावे इतके ते नक्कीच गंभीर आहे. आमच्या रावेर-यावल भागात याच वयाचे शेतकरी रात्रीच्या लाइटच्या पाळीला मोटार चालू करण्यासाठी केळीच्या बागेत जातात. माझ्या शेजाऱ्यांनी मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवल्यापासून त्यांच्या या रात्रीच्या खेपा थांबल्या आणि त्यांना सलग झोप मिळू लागली.

क्लासचालकांना आणि शाळांना माझी कळकळीची विनंती आहे की, रात्री आठनंतर ग्रुपवर काहीही पाठवू नये आणि उत्तरांसाठी दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत मुदत द्यावी. पालकांनीही पुढच्या पालकसभेत ही मागणी लावून धरावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
यावल, जि. जळगाव