मंत्रीसाहेब, एमएस्सीच्या पोरांना एकदा तरी स्पेक्ट्रम स्वतःच्या हाताने काढू द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी ठाण्यात एमएस्सी फिजिक्सला मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपी शिकवते, म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतात किंवा विखुरतात त्यावरून त्यांचा अभ्यास; त्या प्रकाशाचा आलेख म्हणजे स्पेक्ट्रम. आमचं प्रॅक्टिकल कसं होतं ते आधी सांगते. एचसीएलच्या (हायड्रोजन क्लोराइड वायूच्या) इन्फ्रारेड स्पेक्ट्रमची झेरॉक्स वाटायची, पोरांनी पट्टी लावून रेघांमधलं अंतर मोजायचं, ते साधारण २१ प्रति सेंटिमीटर येतं, त्यावरून हायड्रोजन आणि क्लोरीनमधलं अंतर काढायचं, १.२७ अँगस्ट्रॉम, जर्नलवर सही, संपलं. खरं तर त्यातली प्रत्येक रेघ जोडीने असते, कारण क्लोरीनचे ३५ आणि ३७ असे दोन आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) निसर्गात साधारण तीनास एक या प्रमाणात सापडतात, म्हणून एक रेघ मोठी आणि तिला खेटून एक लहान. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून काढून ती लहान रेघ पार गायब झालीय! पोरं आयसोटोप पाठ करतात, बघत कधीच नाहीत.

एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम काढणारं मशीन, समोर असेल तर सॅम्पलसुद्धा लागत नाही हो. नुसत्या हवेचा स्पेक्ट्रम घेतला तरी २३५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइडच्या दोन खाचा दिसतात, तिथे फुंकर मारली की त्या आणखी खोल जातात, आणि कोरड्या हवेत ९९ टक्के असलेल्या नायट्रोजन-ऑक्सिजनचा मात्र पत्ताच नसतो, कारण त्यांच्या कंपनात डायपोल मोमेंट (रेणूतल्या धन-ऋण विद्युतभारांचा असमतोल) बदलत नाही, म्हणून ते इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेचे किरण शोषत नाहीत. ग्रीनहाऊस गॅस म्हणजे काय ते पोरांना तिथल्या तिथे कळतं, मला फळा भरून लिहावं लागत नाही.

पण नुसतं मशीन देऊन भागत नाही, हे मुद्दाम लिहितेय. आत पोटॅशियम ब्रोमाइडचे भाग असतात, त्यांना ओल अजिबात चालत नाही आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहितीये. मी बघितलेल्या एका लॅबमध्ये मे महिन्याच्या सुट्टीत मेन स्विच बंद करून सगळे गेले, जूनमध्ये उघडून बघितलं तर बीमस्प्लिटर (किरण दुभागणारा तोच नाजूक भाग) दुधाळ झालेला, दुरुस्तीला पैसे नाहीत, मशीनवर कव्हर टाकलं ते टाकलंच. सिलिका जेल बदलायला, डीह्युमिडिफायर सुट्टीतही चालू ठेवायला माणूस लागतो, आणि नेमकी तीच पोस्ट भरली जात नाही.

ठाणे-बेलापूर रोडवरच्या फार्मा कंपन्यांत कच्चा माल एफटीआयआरवर तपासतात. आमची मुलं तिथे इंटरव्ह्यूला जातात तेव्हा मशीन हाताळलंय का म्हणून विचारतात, आणि ती गप्प बसतात. हुशार मुलं आहेत साहेब, फार वाईट वाटतं.

मागणी एवढीच, ठाणे आणि नवी मुंबईच्या कॉलेजांसाठी मिळून एक लॅब द्या, ट्रान्सहार्बर लोकलच्या एखाद्या स्टेशनजवळ, म्हणजे दोन्हीकडून यायला सोपं. एक एफटीआयआर, एक छोटा रामन स्पेक्ट्रोमीटर, मेंटेनन्सचा खर्च मशीनच्या किमतीतच धरलेला, आणि एक कायमस्वरूपी टेक्निशियन. १९२८ साली रामन इफेक्ट (रेणूंवरून विखुरताना काही प्रकाशाचा रंग बदलतो तो) सापडला म्हणून आपण दर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन करतो, आणि माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने रामन स्पेक्ट्रम काढलेला नाही. शनिवार-रविवारी पाळ्या लावून शिकवायला आम्ही काही शिक्षक तयार आहोत, फक्त टेक्निशियनची पोस्ट आम्हाला मंजूर करता येत नाही, ती तुम्ही करा.

आपली,
ठाण्यातली एक फिजिक्सची शिक्षिका