विषय: ‘सगळे पार्क दहा मिनिटांवर’ या हॉटेलबद्दल तुम्ही फोनवर ‘निकाली’ काढलेली तक्रार, आता लेखी

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहली विभाग

संदर्भ: ऑर्लँडो (फ्लोरिडा, अमेरिका) थीम पार्क पॅकेज, सोबत जोडलेले कोटेशन आणि हॉटेलची पावती

कालच्या फोननंतर तुमच्या यंत्रणेकडून ‘आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे’ असा संदेश आला. समाधान कोणाचे झाले ते त्यात लिहिलेले नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही ऑर्लँडो विकता, त्यामुळे तिथला नकाशा तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी. तरीही कोटेशनमधले वाक्य पुन्हा वाचा: ‘मध्यवर्ती हॉटेल, सगळे पार्क दहा मिनिटांवर.’ ऑर्लँडोत अशी जागाच नाही. डिस्नेचे चार पार्क (मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज, अ‍ॅनिमल किंगडम) नैर्ऋत्येला, युनिव्हर्सलचे दोन जुने पार्क तिथून वीसेक किलोमीटरवर, मध्ये आय-४ हा महामार्ग, आणि त्याच्या कडेला सीवर्ल्ड हे आणखी एक पार्क. २२ मे २०२५ ला उघडलेले युनिव्हर्सलचे नवे पार्क एपिक युनिव्हर्स जुन्या युनिव्हर्सलला लागून नाही, काही किलोमीटर दक्षिणेला कन्व्हेन्शन सेंटरच्या बाजूला आहे. आणि तुमच्या यादीत ‘ऑर्लँडो’ म्हणून घातलेले लेगोलँड विंटर हेवन या वेगळ्याच गावात आहे, रस्ता मोकळा मिळाला तरी पाऊण ते एक तास. या सगळ्यांना मध्यवर्ती असलेले हॉटेल म्हणजे सगळ्यांपासून सारखेच लांब असलेले हॉटेल. तुम्ही दिलेत ते यूएस १९२ या रस्त्यावर, किसिमी गावाच्या बाजूला. म्हणजे युनिव्हर्सलपासून तर आणखीच लांब.

हॉटेल स्वतःची जाहिरात ‘डिस्नेच्या प्रवेशद्वारापासून ३ किलोमीटर’ अशी करते. ते खरे आहे. फक्त ते प्रवेशद्वार म्हणजे रस्त्यावरची कमान आहे. कमानीखालून गेल्यावर मॅजिक किंगडमचे पार्किंग आणखी सहा-सात किलोमीटरवर, आणि पार्किंग म्हणजे पार्क नव्हे. तिथे ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटरला उतरायचे, सामानाची तपासणी करून घ्यायची, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तळे ओलांडायचे, तेव्हा पार्कचे दार. हॉटेलातून निघून पहिल्या राइडच्या रांगेत उभे राहीपर्यंत सव्वा तास धरावा लागतो. डिस्नेच्या बहुतेक हॉटेलांच्या बसगाड्या मात्र थेट मॅजिक किंगडमच्या दाराशी सोडतात. त्यांच्या काँटेम्पररी हॉटेलातून तर दहा मिनिटे चालत जाता येते. हा फरक विकणाऱ्याला माहीत असतो. निदान असायला हवा.

आता शटल, म्हणजे हॉटेलातून पार्कला नेणारी बस. ‘सर्व पार्कसाठी मोफत शटल’ असे तुम्ही ठळक अक्षरांत छापले आहे. प्रत्यक्षात डिस्नेला सकाळी एकच फेरी, तीही तिकीट सेंटरपर्यंतच. ज्या दिवशी एपकॉट करायचे त्या दिवशी तिथून पुन्हा मोनोरेल. हॉलिवूड स्टुडिओज किंवा अ‍ॅनिमल किंगडम असेल तर डिस्नेची बस. परतीची शेवटची फेरी रात्री ९ ला. आतषबाजी बहुतेक रात्री त्याच्या आसपास किंवा नंतर असते. ९ ची बस पकडायची तर सव्वाआठला मॅजिक किंगडममधला मेन स्ट्रीट सोडावा लागतो, कारण तळे पुन्हा ओलांडायचे असते. म्हणजे पॅकेजच्या पहिल्या पानावर किल्ल्यावरच्या आतषबाजीचा फोटो, आणि आठव्या पानावर ती बघता येणार नाही अशी बस. युनिव्हर्सलच्या शटलला आदल्या दिवशी नाव नोंदवावे लागते. एपिकला शटल नाही. लेगोलँडला तर विचारूच नका.

हे सगळे मी तुमच्या प्रतिनिधीला शांतपणे सांगितले. त्याचे उत्तर असे: “मॅडम, शटल कॉम्प्लिमेंटरी आहे. फुकटच्या गोष्टीवर तक्रार घेता येत नाही.”

मी म्हटले, हॉटेलच्या पावतीवर रोजच्या ३५ डॉलर रिसॉर्ट फीमध्ये (भाड्याशिवायची सक्तीची फी) काय काय येते त्याची यादी आहे. वाय-फाय, पोहण्याच्या तलावाचे टॉवेल, आणि शटल. पैसे दिलेली गोष्ट फुकट कशी? त्याने “एक मिनिट” म्हणून होल्डवर टाकले. होल्डवर तुमची जाहिरात लागते, हे तुम्हाला माहीत असेल. “ऑर्लँडोत राहा ऐटीत, सगळे पार्क दहा मिनिटांवर.” ती पुन्हा पुन्हा ऐकवली गेली. मग तो परत आला आणि म्हणाला, “मॅडम, मी आत्ता स्वतः नकाशात चेक केलं. दहाच मिनिटं दाखवतंय.”

कुठपर्यंत, असे विचारले. “डिस्ने वर्ल्डपर्यंत.” त्यातल्या कुठल्या पार्कपर्यंत? “डिस्ने वर्ल्ड, मॅडम.” डिस्ने वर्ल्ड ही सुमारे १०० चौरस किलोमीटरची जागा आहे. तिच्या काठापर्यंत दहा मिनिटे लागतात, यात शंका नाही. आणि तपासले केव्हा? भारतात सकाळचे ११ वाजले होते. उन्हाळी वेळेप्रमाणे ऑर्लँडोत तेव्हा रात्रीचा दीड. रात्री दीडला आय-४ वर कोणीच नसते आणि पार्कही बंद असतात. सकाळी आठची किंवा आतषबाजी संपल्यानंतरची वेळ टाकून बघा, असे मी सुचवले. त्यावर तुमच्या प्रशिक्षित प्रतिनिधीने मला विचारले, “मॅडम, तुम्ही पार्क बघायला गेला होतात की हॉटेल? हॉटेलात काय, झोपायचंच तर असतं.”

हे वाक्य तुमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत आहे का, ते कळवा. कारण त्याच्या वरिष्ठांनीही तेच म्हटले, फक्त ‘आपण’ लावून.

झोपायचेच तर असते, या हिशोबाने हॉटेल निवडले की काय होते ते लिहिते, कारण तुमच्याकडे ते कोणालाच माहीत नाही असे दिसते. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात, आणि करारातल्या काही इतर हॉटेलांतही, राहणाऱ्यांना रोज प्रत्येक पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात. मोठ्या राइडची रांग त्या अर्ध्या तासातच लहान असते. लाइटनिंग लेन मल्टी पासच्या (पैसे भरून लहान रांगेतून जाण्याचा पास) वेळा डिस्नेच्या हॉटेलातल्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी सगळ्या दिवसांसाठी एकदम घेता येतात. बाहेरच्यांना प्रत्येक दिवसासाठी फक्त ३ दिवस आधी. उरलेल्या वेळा कशा असतात ते सांगायला नको. पॉप सेंचुरी आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही डिस्नेची स्वस्त गटातली हॉटेले, पण तिथून स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्याने एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज गाठता येते. वीज कडाडली की तो थांबतो, तेव्हा बस. त्याच किमतीच्या गटातल्या ऑल-स्टार हॉटेलांना फक्त बस. दुपारी फ्लोरिडात उन्हाळ्यात पाऊस कोसळतो, मुले थकतात. खोली जवळ असेल तर दोन तास पडून संध्याकाळी परत जाता येते. तुमच्या एका फेरीच्या शटलवर असणाऱ्याला दुपारची खोली नसतेच. झोपायचेच असते म्हणे.

युनिव्हर्सलबाबत तुम्ही आणखी पुढे गेला आहात. माहितीपत्रकात लिहिले आहे, ‘युनिव्हर्सलच्या हॉटेलात एक्सप्रेस पास मोफत.’ म्हणजे तिथला लहान रांगेचा पास. पण कुठल्या हॉटेलात? पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक, या तीनच. सफायर फॉल्स, अ‍ॅव्हेंचुरा, कबाना बे, एंडलेस समर यांना नाही. एपिकमधल्या हेलिओस हॉटेलालाही नाही. आणि हा फुकटचा पास फक्त दोन जुन्या पार्कांत चालतो. एपिकमध्ये किंवा व्होल्केनो बे या वॉटर पार्कमध्ये नाही. हे वाक्य वाचून कोणी कबाना बे घेतले तर तो काउंटरवर भांडेल, आणि तुम्ही त्यालाही झोपायचेच असते असे सांगाल.

बुकिंगच्या वेळी मी दोन हॉटेले मागितली होती. आधी डिस्नेचे दिवस डिस्नेच्या हॉटेलात, मग एक रात्र वरच्या तिघांपैकी एकात. ईमेल सोबत जोडली आहे. तुमचे उत्तर होते, “हॉटेल बदलण्यात एक दिवस वाया जातो.” वाया जात नाही. डिस्नेत चेक-आउट सकाळी ११ ला, युनिव्हर्सलमध्ये खोली दुपारी ४ ला मिळते. पण सकाळीच काउंटरवर नोंद करून, बॅगा तिथे ठेवून, पास हातात घेऊन पार्कमध्ये जाता येते. पास येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही दिवशी चालतो. एका रात्रीच्या भाड्यात खोलीतल्या सगळ्यांना दोन दिवसांचे एक्सप्रेस. चार माणसांचे वेगळे पास विकत घेतले तर गर्दीच्या दिवसांत त्या रात्रीच्या भाड्याहून जास्त पैसे जातात. हा हिशोब ऑर्लँडो विकणारा कोणीही कागदाच्या पाठीवर करतो. तुम्ही तो केला नाहीत, किंवा केलात आणि ज्या हॉटेलावर कमिशन जास्त तेच पुढे केलेत. दुसरे खरे असेल तर निदान तुम्हाला गणित येते म्हणायचे.

रिसॉर्ट फीबद्दल स्वतंत्र लिहिते. कोटेशनमध्ये तिचा उल्लेख नाही. ‘हॉटेलात काहीही भरायचे नाही’ असे आहे. काउंटरवर रोजचे ३५ डॉलर, त्यावर ओसिओला काउंटीतला (हॉटेलच्या जिल्ह्यातला) १३.५ टक्के कर, आणि पार्किंगचे वेगळे. अमेरिकेत १२ मे २०२५ पासून मुक्कामाच्या जाहीर किमतीत अशी सक्तीची फी धरूनच आकडा दाखवावा लागतो, म्हणजे हॉटेलने तो आकडा दाखवला असणार. तुमच्या कोटेशनपर्यंत येताना फी गळून कुठे पडली? डिस्नेच्या हॉटेलांत रिसॉर्ट फी नाही आणि तिथे राहणाऱ्यांना रात्रीच्या पार्किंगचे पैसेही लागत नाहीत. ‘स्वस्त’ हॉटेलात या दोन्ही गोष्टी, टॅक्सीचे भाडे, आणि गाडी असेल तर प्रत्येक पार्कचे पार्किंग मिळवा. तुमचे स्वस्त किती महाग आहे ते दिसेल.

टॅक्सीवरून आठवले. वरिष्ठांचा उपाय होता, “उबर घ्यायची ना.” मॅजिक किंगडमहून उबर पकडायची तर तीही तिकीट सेंटरलाच मिळते, म्हणजे आधी तळे ओलांडा, मग आतषबाजीनंतर बाहेर पडलेल्या सगळ्यांसोबत फोन हातात धरून उभे राहा, आणि भाव दुप्पट झालेला बघा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला कार-सीट किंवा बूस्टर हा फ्लोरिडाचा कायदा आहे, आणि साध्या उबरमध्ये ती सीट नसते. पाच माणसे असतील तर मोठी गाडी, तिचा भाव वेगळा. शटल रात्री ९ ला बंद होते म्हणूनच हे सगळे करावे लागते, हे पुन्हा लिहिते, कारण फोनवर तीन वेळा सांगूनही ते कोणी ऐकले नाही.

माहितीपत्रकात विमानतळापासून ‘मोफत मॅजिकल एक्सप्रेस’ (डिस्नेच्या हॉटेलांपर्यंतची बस) आणि पार्कमध्ये ‘जिनी प्लस’ अजूनही आहे. पहिली सेवा जानेवारी २०२२ पासून बंद आहे. दुसरे नाव जुलै २०२४ मध्ये गेले, त्याजागी वरचा मल्टी पास आला. तेव्हापासून तुमच्या कचेरीतल्या कोणीही ते पान उघडलेले नाही, आणि तरीही दरवर्षी त्यावर नवी किंमत छापली जाते.

माझी मागणी अशी. रिसॉर्ट फी, तिच्यावरचा कर आणि पार्किंग यांची पूर्ण रक्कम परत करा. रात्री ९ नंतरच्या टॅक्सीच्या पावत्या जोडल्या आहेत, तीही रक्कम. ‘दहा मिनिटांवर’ हे वाक्य आणि एक्सप्रेस पासचे वाक्य माहितीपत्रकातून काढा. कुठल्या हॉटेलातून कुठल्या पार्कच्या दारापर्यंत सकाळी आठला किती वेळ लागतो, ते त्याजागी छापा. पुढच्या बुकिंगवर ‘सवलत कूपन’ नको. तुमच्याकडे पुढचे बुकिंग होणार नाही.

१५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी या दोन मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे जाईन. तक्रार मी राहते तिथेच दाखल करता येते. तुमचे मुख्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. कोटेशन, माहितीपत्रक, पावत्या आणि तो ‘समाधानकारक’ संदेश, सगळे जोडून ठेवले आहे.

फोन करू नका. होल्डवरची जाहिरात पाठ झाली आहे.

आपली (यापुढे नसलेली) ग्राहक
नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर